निळ्या बटाट्यांचं बेणं

पहिलं कुलूप मी लावलं.

आमच्या गावातून उत्तरेला जाणारा हमरस्ता आहे ना, त्याच्या दोन्ही कडांना बटाट्यांच्या बागा आहेत. चाळीस-पन्नास तरी असतील. घराभोवती आमच्याकडे नुसता खडक, नाहीतर दलदल. सरकारने रस्ता केला तेव्हा यंत्रांनी खालची माती उकरून कडेला टाकली, आणि जिथे ज्याने आधी फावडं मारलं तिथे त्याची बाग झाली. कागद नाही, नावाची पाटी नाही. कुंपणं आहेत, ती मूससाठी. घोड्यापेक्षा उंच हरीण ते, एकदा आत शिरलं की कोबीचं पान ठेवत नाही. पण माणसासाठी कुंपण कुणी घातलं नव्हतं. मालक घरी, बटाटे सहा मैलांवर उघड्यावर, रस्त्याने दिवसभर ट्रक जातायत, आणि तरी कुणी कुणाच्या वरंब्याला हात लावल्याचं मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता बत्तीस फाटकांना कुलपं आहेत. जाता-येता मोजते मी.

माझी बाग म्हणजे आधी निव्वळ खडी होती. तिची माती मी केली. जूनमध्ये केपलिन मासळी लाटांबरोबर किनाऱ्यावर येऊन पडते, तेव्हा बादल्या भरायच्या, सरीत मासे अंथरायचे, वर समुद्रातलं शेवाळ टाकायचं, मग माती ओढायची. ट्रकमध्ये त्या वासात बसून सहा मैल जायचं. लोक नाक धरायचे. धरू देत. माझ्यासारखा बटाटा त्या रस्त्यावर कुणाचा नव्हता.

आणि बटाटा तरी कसला? निळा. साल शाईसारखी, आत पांढराशुभ्र, शिजला की फुटून पिठूळ व्हायचा. आमच्या बेटावरचं गाव सरकारने उठवलं आणि आम्हाला इथे आणून वसवलं, तेव्हा माझ्या आईने भांडी मागे ठेवली पण या बटाट्यांचं पोतं बोटीत मांडीवर घेऊन बसली. तिच्या माघारी ते बेणं माझ्याकडे आलं. आमच्याकडे मे महिन्यात बायका बेण्याची अदलाबदल करतात, शेजारणीकडून विरजण आणावं तशी. मी मात्र निळं बेणं कधी कुणाला दिलं नाही. सख्ख्या बहिणीने मागितलं, तिला नाही म्हटलं. ती दोन वर्षं बोलली नाही. मीही बोलले नाही.

एल्फ्रिडा मात्र दर वर्षी मागायची. तिची बाग माझ्या बागेला लागून, मध्ये एकच कुंपण. विधवा बाई, हसायला लागली की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं, आणि तिचा लाल ट्रक ती असा चालवायची की बाजूला बसणाऱ्याने प्रार्थना म्हणावी.

"व्हर्नेटा, चार तरी दे गं निळे," ती कुंपणावर कोपरं टेकून म्हणायची. "मरताना शवपेटीत घालून नेणार आहेस का?"

"नेईन."

"ने मग. वर गेल्यावर तरी देशील ना? मी येईनच मागायला."

हेवर्ड, माझा नवरा, हे ऐकून हसायचा. तो कमी बोलायचा आणि हसायचाही कमी, पण एल्फ्रिडाच्या बोलण्यावर हसायचा.

मग ते मूसचं प्रकरण झालं. परवान्याशिवाय मूस मारलेला आमच्या गावात कोण नाही? पण सापडला हेवर्ड. शिकारखात्यात नवीनच आलेला डरमॉट नावाचा अधिकारी, त्याने आमची बंदूक नेली, मांस नेलं आणि ट्रकही नेला. तेव्हापासून आम्ही एल्फ्रिडाच्या ट्रकमध्ये. एवढं होऊन हेवर्ड म्हणतो कसा, "अगं, गुन्हा मी केला. त्याने त्याचं काम केलं." आणि एका वर्षाच्या आत आमच्या कोरलीने, एकुलत्या एका मुलीने, त्याच डरमॉटशी लग्न केलं.

मी लग्नाला गेले नाही. हेवर्डलाही जाऊ दिलं नाही. त्यांची बदली दीडशे मैल दक्षिणेला झाली, बरंच झालं म्हटलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी हेवर्डला बजावलं, "या घरातली काडीसुद्धा तिच्याकडे जायची नाही. गेली, तर तूही तिच्याकडेच जा राहायला."

तो म्हणाला, "बरं."

माझा राग असा आहे. चढतो पटकन, उतरायचं नाव घेत नाही. नातीचा जन्म झाला तेव्हा कोरलीने फोन केला होता. मी रिसीव्हर उचलला, तिचा आवाज ऐकला आणि खाली ठेवला.

त्या काळात एल्फ्रिडा दर सप्टेंबरला दक्षिणेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची. हेवर्डलाही मोतीबिंदूची सुरुवात होती, म्हणून त्याला बरोबर न्यायची. सकाळी निघायचे, दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला परत. आल्यावर एल्फ्रिडा माझ्या हातात बेकॲपलच्या मुरंब्याच्या दोन बरण्या ठेवायची. दलदलीत उगवणारी ती केशरी फळं, एकेका झाडाला एकेकच येतं, वेचता वेचता कंबरेचा काटा ढिला होतो. "खा," म्हणायची, "जीभ जरा गोड होईल तुझी." मुरंबा सुरेख असायचा. मी रोज सकाळी ब्रेडला लावून खायचे आणि मनात म्हणायचे, एल्फ्रिडाच्या हाताला ही चव कुठून आली कुणास ठाऊक, एरवी तिला धड चहा जमत नाही.

या फेऱ्यांच्या चौथ्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला. पीक मुळातच कमी. ऑक्टोबरमध्ये मी खणायला बसले तर तिसऱ्या सरीत पाला उभा, हिरवा-पिवळा, व्यवस्थित, आणि खाली काही नाही. पुढचं झाड, खाली गोट्यांएवढे दोन. पुढचं, काही नाही. मी मातीत हात घालून बसून राहिले. हे मूसचं काम नव्हतं आणि किडीचंही नव्हतं. ऑगस्टमध्ये नवे बटाटे हवे असले की आम्ही बायका झाड न उपटता कडेने हात घालतो, चाचपून मोठे तेवढे काढतो आणि माती पुन्हा दाबून ठेवतो. हे तसं केलेलं होतं. चांगल्या हातांनी, सावकाश, माती थापटून. सात झाडांखाली.

"हेवर्ड!" मी ओरडले. "इकडे ये. चोरी झालीय."

तो आला, बघितलं. "कीड असेल," म्हणाला.

"किडीला हात असतात का?"

तो वळला. फावडं घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

दोन दिवसांनी मी एल्फ्रिडाचं वाडगं परत करायला तिच्या दारी गेले. ती घरात नव्हती. पायरीशी कोंबड्यांना घालायच्या उष्ट्याचं पातेलं होतं, आणि त्यात पांढऱ्या सालांमध्ये निळी सालं पडलेली. शिजवून सोललेली, माझ्या बटाट्यांची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाडगं मी पायरीवर ठेवलं आणि घरी आले, आणि त्या शनिवारची वाट पाहिली. तेव्हाच्या तेव्हा तिला गाठून विचारलं असतं तर दोघींमध्ये राहिलं असतं. पण मला दोघींमध्ये ठेवायचं नव्हतं.

शनिवारी चर्चच्या सभागृहात हंगामाचं जेवण होतं. प्रत्येक घराने आपापल्या बागेतलं आणायचं, एकत्र शिजवायचं, एकत्र बसायचं. साठ-सत्तर माणसं होती. एल्फ्रिडा मधल्या टेबलाशी, माझी जागा धरून बसलेली. "ये गं," म्हणाली, "तुझ्यासाठी खुर्ची अडवलीय, दोघांशी भांडले."

मी बसले नाही. पिशवीतून मुरंब्याची बरणी काढली, न उघडलेली दुसरी, आणि तिच्यासमोर आपटली.

"हा घे तुझा मुरंबा. चोराच्या हातचं आमच्या घरात खात नाहीत."

सभागृहात चमच्यांचा आवाज थांबला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"माझ्या सात झाडांखालचे बटाटे गेलेत. आणि तुझ्या कोंबड्या निळी सालं खातायत. तूच सांग काय झालं. इतकी वर्षं मागत होतीस, मी दिलं नाही, म्हणून हात घातलास ना?"

एल्फ्रिडाने माझ्याकडे पाहिलं. मग हेवर्डकडे पाहिलं, एकदाच, जरा वेळ. हेवर्ड बशीतला सलगम कापत होता. एक फोड केली, तिची आणखी एक केली.

"खाल्ले मी तुझे बटाटे, व्हर्नेटा," ती म्हणाली. "दोन खाल्ले. चांगले होते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं मला विचारू नकोस."

तिने बरणी उचलून दोन्ही हातांनी मांडीवर धरली. जेवण संपेपर्यंत तशीच बसली होती, उठून गेली नाही. पण तिच्या बाजूची खुर्ची रिकामी राहिली, आणि तिने आणलेल्या गाजरांच्या भांड्यात कुणी डाव घातला नाही.

सोमवारी मी पुतण्याला घेऊन गेले आणि फाटकाला साखळी आणि कुलूप लावलं. आठवड्याभरात शेजारच्या दोघांनी लावलं. एकदा एकाने लावलं की दुसऱ्याला वाटतं, आपलंच उघडं का? लोक एल्फ्रिडाशी वाईट वागले असं नाही. फक्त तिचा ट्रक बागांपाशी थांबला की पुढून जाणाऱ्या गाड्या जरा हळू व्हायच्या. दुकानात ती आत आली की बोलणं हवापाण्यावर यायचं. वसंतात तिने बाग लावली नाही. मे महिन्यात बेण्याच्या अदलाबदलीला तिला कुणी बोलावलं नाही. जूनमध्ये ती ट्रक विकून आँटॅरिओला मुलाकडे गेली. तिथे अकराव्या मजल्यावर राहायची म्हणे. पुढच्या हिवाळ्यात तिकडेच वारली, तिकडेच पुरली.

बातमी दुकानात कळली. मी घरी येऊन हेवर्डला सांगितलं. तो खुर्चीवरून उठला, बाहेर लाकडाच्या छपरीत गेला आणि जेवायला आला नाही. मी जाऊन पाहिलं तर ओंडक्यावर बसला होता, हात मांड्यांमध्ये घालून.

"व्हर्नी," तो म्हणाला, "एल्फ्रिडाचं ते..."

"त्या चोरटीचं नाव या घरात काढायचं नाही," मी म्हटलं. "मेली म्हणून काय झालं?"

त्याने तोंड मिटलं. आमच्या पंचेचाळीस वर्षांत त्याने इतक्यांदा तोंड उघडलं आणि इतक्यांदा मिटलं की मला ते दिसायचंच बंद झालं होतं. त्या उन्हाळ्यात तो खंगत गेला. मी बाग लावली नाही, त्याचं करण्यातच दिवस जायचा. तळघरातलं निळं बेणं न लावताच कोंब येऊन सुकत गेलं, आणि उरलंसुरलं जानेवारीच्या थंडीत गोठून काळं पडलं. फेब्रुवारीत हेवर्ड गेला.

कोरली आली. डरमॉट आला, त्यांची चार वर्षांची टेसा आली. मी मनात तयारी करून ठेवली होती काय काय बोलायचं त्याची. पण कोरलीने दारातच मला मिठी मारली, अशी की मला हात वर करायला जागा राहिली नाही, आणि म्हणाली, "आई, आता आमच्याकडे चल थोडे दिवस." मला आश्चर्य वाटलं. एवढं सगळं होऊन या मुलीच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीच वाकडं नव्हतं. मी गेले. रिकाम्या घराला घाबरले होते, खरं सांगायचं तर.

रविवारचं जेवण होतं. एकाच मोठ्या पातेल्यात खारवलेलं मांस, कोबी, सलगम, गाजरं, आणि कापडात बांधून सोडलेली वाटाण्याची डाळ. डरमॉट बाहेर सुरीला धार लावत होता. कोरलीने बटाट्यांचं भांडं टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं.

निळे होते. सालीसकट शिजवलेले, फुटलेले, आत पांढरे.

"हे कुठून आणलेस?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? तुझेच की!" कोरली हसली. "शेवटच्या खेपेला पाठवलेस त्यातले निम्मे मी खाल्लेच नाहीत. बेण्याला ठेवले. रागावू नकोस हं. मागच्या अंगणात लावते आता. तुझ्यासारखे नाही येत, पण येतात."

"मी पाठवले?"

"आता तरी लपवू नकोस गं. एल्फ्रिडामावशी दर सप्टेंबरला आणायची ना. पप्पा टेसाला घेऊन बसायचा तासन्‌तास, तो काही बोलायचा नाही, तुला माहीतच आहे. मावशीच पिशवी हातात द्यायची आणि सांगायची, 'आईने पाठवलेत. पण तिला फोन करू नकोस, आभार मानू नकोस. कबूल करायची वेळ आली तर ती पुढच्या वर्षी देणार नाही.'" कोरलीने रुमालाने डोळे पुसले. "पहिल्यांदा माझा विश्वासच बसेना. निळे बटाटे? तू तर तुझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा दिले नाहीस. तेव्हाच मला कळलं की तू मला माफ केलंस. फोन खाली ठेवलास तरी मी म्हणायचे, असू दे, बटाटे तर येतायत. म्हणून मी मुरंबा द्यायचे मावशीजवळ. आवडायचा ना तुला?"

माझ्या डोळ्यांसमोर सभागृहातली ती बरणी आली, एल्फ्रिडाच्या मांडीवरची. माझ्या मुलीने वेचलेली फळं. एल्फ्रिडा एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण बोलली असती तर मी हेवर्डला घराबाहेर काढलं असतं, आणि कोरलीला कळलं असतं की आईने कधी काही पाठवलंच नव्हतं. तिने दोघांनाही वाचवलं आणि गाजरांच्या भरल्या भांड्यामागे बसून राहिली. आणि हेवर्ड सलगम कापत होता. मातीत घालून पंधरा दिवस झालेल्या माणसाचा मला इतका राग आला की टेबलाची कड धरावी लागली. त्याचा राग करणं सोपं होतं. त्याला बोलायला जागा ठेवली नव्हती ती मी.

"आई? आवडायचा का?"

"आवडायचा," मी म्हटलं. "गोड होता."

"मग मावशी गेल्यावर बंद का केलंस? दोन वर्षं काहीच आलं नाही. मला वाटलं, पुन्हा चिडलीस."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पोरीचा चेहरा माझ्यासमोर उघडा होता. ही मिठी, हे घर, हे बोलावणं, सगळं त्या पिशवीच्या जोरावर होतं, आणि ती पिशवी माझी नव्हती.

"आणणार कोण?" मी म्हटलं. "आमच्याकडे ट्रक कुठे राहिला होता?"

डरमॉट सुरी घेऊन आत येत होता. त्याने ऐकलं. कानापर्यंत लाल झाला. "चूक माझी आहे," तो म्हणाला, "मीच येऊन न्यायला हवे होते." मी त्याला तसंच वाटू दिलं.

कोरलीने बशा मांडल्या. मग हळूच म्हणाली, "मावशीबद्दल तिकडे काहीबाही बोलत होते म्हणे. चोरी वगैरे. एवढी चांगली बाई! कुणी उठवलं गं ते?"

"लोकांचं काय," मी म्हटलं. "तोंडाला येईल ते बोलतात."

"तू त्यांना सांगायचंस ना, ती तुझेच बटाटे पोचवायची म्हणून."

"सांगितलं असतं," मी म्हटलं. "पण मग मी तुझ्याशी गोड वागते हे गावाला कळलं असतं."

कोरली खळखळून हसली. डरमॉटही हसला. "बघ, अशी आहे माझी आई," कोरली त्याला म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच वर्षांनी कुणी तसा ठेवला होता.

जेवणाआधीची प्रार्थना टेसा म्हणते त्यांच्याकडे. तिने हात जोडले, डोळे गच्च मिटले.

"देवा, जेवणाबद्दल तुझे आभार. आईला आणि बाबांना सुखी ठेव. आजोबांना आणि एल्फ्रिडाआजीला तुझ्याजवळ नीट ठेव. आणि आम्हाला निळे बटाटे पाठवणाऱ्या आजीला सुखी ठेव. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. मग कोरलीने पहिला डाव माझ्याच बशीत वाढला, तीन बटाटे, आणि मी ते सालीसकट खाल्ले.